चाळीस ग्रॅम

रबाळ्याच्या कंपनीत काटे तपासण्यात
माझी एकोणीस वर्षं गेली.
प्रयोगशाळेचे काटे, काचेच्या पेटीतले.
जवळ श्वास सोडला तरी आकडा हलायचा.
वजनं आम्ही चिमट्याने उचलायचो,
बोटाचा घामसुद्धा मोजला जातो म्हणून.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली
आणि निहारला मिळाली,
ज्याला चिमटा धरायला मी शिकवलं होतं.
पेढे मीच वाटले. पैसे त्याचे होते.
पुढच्या वर्षी कपातीची यादी लागली.
तीत मात्र माझं नाव
सगळ्यात वर.

सुवार्ता म्हणाली, देवाची काहीतरी योजना असेल.
मी म्हणालो, असेल तर त्याने ती नोटीसबोर्डावर लावावी.
त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही
आणि मी तुझ्याशी.

किती महिने, ते तुला माहीत आहे.
रविवारी उपासनेला मागच्या बाकावर बसायचो,
सगळे डोळे मिटायचे तेव्हा
छताच्या पत्र्याचे खिळे मोजायचो.
दोनशे बारा.
माझे वडील सोनईला चर्चची घंटा वाजवायचे,
उभा जन्म, बिनपगारी,
दोरखंडाने तळहाताला घट्टे पडलेले.
बढती मिळाली का, असं त्यांना कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आता बाजारातले काटे दुरुस्त करतो.
स्कूटरच्या डिकीत वजनांची पेटी, खिशात परवाना,
तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली.
कांद्याच्या फोलपटांनी अडलेले काटे,
मासळीच्या पाण्याने गंजलेले,
एकात तर झुरळाने संसार थाटलेला.
चिमटा घरी, कपाटात.

मंगळवारी घणसोली गावात
फशीबाईचा काटा उघडला.
शेवगा, वाल, भेंडी विकते ती, देवळाच्या कडेला.
एक किलोचं वजन ठेवलं,
आकडा आला नऊशे साठ.
फडक्याने पुसून पुन्हा ठेवलं.
नऊशे साठ.

लबाड काटे मी रोज बघतो,
पण आपल्याच मालकिणीला लुटणारा
हा पहिलाच.
कधीपासून, मावशी?
"नातवानं पारला तवापासना. तीन वर्सां झाली."
बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला :
किलोमागे चाळीस ग्रॅम, दिवसाला वीस किलो,
सणवार वजा करून
सातशे वीस किलो भाजी, फुकट.
एक टेम्पो भरेल.
मला वाटलं, आता कपाळावर हात मारेल.

ती शेंगा निवडतच राहिली.
"जाव दे बाला.
कोनाच्या तरी पोटान गेलाच न."

माझा पेचकस तिथेच थांबला.
एकोणीस वर्षं मी जे काटे जुळवले
त्यांच्यावर कुठली कुठली औषधं तोलली गेली,
कुणाच्या पोराचा ताप त्यातून उतरला,
उतरला की नाही,
मला कसं कळणार?
माझ्या हिशेबात तेवढं एकच पारडं होतं,
ज्यात मला काय मिळालं ते पडायचं.
म्हणून ती यादी योग्य होती, असं मी म्हणणार नाही.
तूही म्हणवून घेऊ नकोस.

काटा जुळला. एक हजारला एक हजार.
शिक्का मारला, पैसे घेतले,
तोच एक गिऱ्हाईक आलं, किलोभर वाल मागत.
फशीबाईने तोललं, आकडा नीट वाचला,
मला दाखवलासुद्धा,
आणि वरून एक मूठ टाकली.

ती मूठ किती भरली
ते मी बघितलं नाही.

घरी जाताना रबाळ्याच्या सिग्नलला,
कंपनीच्या पाटीसमोर, हेल्मेटच्या आत
मी तुझ्याशी बोललो.
एकच वाक्य.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
तरी तुला ऐकू गेलं असेल.